दार उचलून लावावं लागतं

सोमवार, ४

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने काचेपलीकडे बसून माझं वाक्य वाचलं आणि माझं सगळं बदललं. मिनिटासकट लिहून ठेवतोय. अशा गोष्टी नंतर अंदाजाने सांगाव्या लागू नयेत.

वाक्य होतं: "तुमचा मफलर खुंटीवरच आहे. धुतला नाही. धुतला तर त्यात तुमचं काही उरणार नाही."

आमचे साहेब डोळे मिटून ऐकत होते. लढाईआधी ते साबणाच्या जाहिराती लिहायचे, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव साबणवाले. ऐकून म्हणाले, "जन्मभर लोकांना धुवा धुवा सांगितलं, आणि या पोराने न धुतलेल्या मफलरवर मला रडवलं." मग त्यांनी मला वेगळं टेबल दिलं, खिडकीजवळचं. खिडकीला काळा कागद चिकटवलेला आहे, पण खिडकी ती खिडकी.

कॉलेज सोडून मला सहा महिने झाले. सोडलं म्हणजे, सरांनी माझा निबंध वर्गात नाकातून वाचून दाखवला. मी उठलो, त्यांच्या हातातून ओढून घेतला, फाडला आणि बाहेर पडलो. माफीचं पत्र दे, परत घेतो, असं म्हणत होते. नाही दिलं. आता दिवसभर पत्रासारखंच काहीतरी लिहीत बसतो.

काम बाहेर सांगायचं नाही असं सहीनिशी लिहून दिलंय, पण वही म्हणजे काही बाहेर नाही. नदीपलीकडे शत्रू आहे आणि तो आपलीच भाषा बोलतो. त्याच्या खंदकातल्या शिपायांना दिवेलागणीनंतर लाउडस्पीकरवरून एका बाईचं बोलणं ऐकवायचं. ती कुणाचीतरी बायको. रडत नाही, ओरडत नाही, फक्त घरचं सांगते. ऐकता ऐकता शिपायाचं बंदुकीतलं लक्ष उडालं पाहिजे. बोलणं मी लिहितो, आवाज तिचा.

तिला सगळे 'आवाज' म्हणतात. आधी ती रेडिओवर नाटकं करायची. खरं नाव हजेरीपटात असेल, मी मुद्दाम पाहिलेलं नाही. मला ते तिच्याच तोंडून ऐकायचंय. वाचून झाल्यावर तिने हेडफोन काढले आणि काचेतून सरळ माझ्याकडे पाहिलं. असं कुणी उगाच पाहत नाही.

बुधवार, ६

साहेबांनी आज नियम सांगितला. दहा गोष्टी सांगायच्या. नऊ खऱ्या, एक खोटी. "नऊ वेळा मान डोलावलेला माणूस दहाव्यांदा न विचारता डोलावतो. आणि खोटी गोष्ट लहान हवी. बायको पळाली म्हटलंस तर शिपाई शिवी हासडून कूस बदलेल. बायकोने नवा पडदा लावला म्हण. पडदा कुणासाठी, ते तो स्वतःच शोधत बसेल. आपण फक्त पडदा द्यायचा."

मी म्हटलं, "पण पलीकडच्या एकाही बाईला मी ओळखत नाही. नऊ खऱ्या आणू कुठून?"

"घर बघितलंयस ना कधी? घरं इथूनतिथून सारखीच."

घरी येऊन कॉटवर पडलो आणि नुसतं पाहत राहिलो. वहिनी दादाच्या खुर्चीवर बसते पण पाठ टेकत नाही. किटलीच्या झाकणाला दोरा बांधलाय. चिमणी, म्हणजे दादाची पोर, तीन वर्षांची, दादाच्या जुन्या बुटात चमचा निजवते, वर रुमाल पांघरते आणि आम्हाला गप्प बसवते. इतकी वर्षं या दोन खोल्यांत राहतोय, पण कागद घेऊन कधी बघितल्या नव्हत्या. आई म्हणाली, "असा काय टक लावून बघतोस, घर विकायला काढल्यासारखा?"

शुक्रवार, ८

चमच्याचं वाचताना तिचा आवाज एका ठिकाणी अडकला. पुन्हा घ्यावं लागलं. मधल्या सुट्टीत ती कप घेऊन माझ्या टेबलाशी आली. आपण होऊन आली.

"हे चमच्याचं कुठून आणलंस?"

"सुचलं."

"असं सुचत नाही."

"मला सुचतं."

"कुणाचं घर आहे हे?"

मी नुसता हसलो. आता 'आमचंच' म्हटलं असतं तर माझी किंमत काय राहिली? घरातलं तर कोणीही उतरवून काढील. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मुलगी तुमच्या घराबद्दल विचारायला लागली की त्याचा अर्थ काय, हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही.

दादाचं पत्र आलं. दोन ओळींवर काळी शाई फिरवलेली. बाकी खुशाल. 'आम्हाला हलवलंय. कुठे ते लिहीत नाही. पण आता आंघोळीची चैन आहे, पाणी हवं तेवढं.' आईला इतका आनंद झाला की तिने पत्र शेजारी वाचून दाखवलं. सात महिने ती त्याच्या आंघोळीचीच काळजी करत होती. मी म्हटलं, "बघ, सरकारने तुझं ऐकलं."

मंगळवार, १२

आजचं मी आतापर्यंत लिहिलेल्यातलं सगळ्यात चांगलं.

आमच्या घराचं दार खालून घासतं. बाबा होते तेव्हापासून. लावताना मुठीला धरून थोडं वर उचलावं लागतं, नाहीतर अडतं. दादा पहिल्यापासून म्हणतो, सुट्टीत आलो की रंधा मारतो. त्यावरून लिहिलं. आधी खुर्ची, किटलीचा दोरा, बूट, चमचा. मग बायको सांगते: "आणि हो, दार आता घासत नाही. उचलावं लागत नाही. त्यांनी बसवून दिलं." बस्स. 'त्यांनी' म्हणजे कोणी, ते नाहीच.

साहेब खुर्चीतून उठले. "पडदा मी दिला होता, तू दार दिलंस."

तिने मात्र पुन्हा तेच विचारलं. "कुणाचं दार आहे?" मी म्हटलं, "तुला कुणाचं हवंय?" हे मी फार चांगलं म्हणालो असं मला वाटलं. ती म्हणाली, "माझा नवरा नदीवर आहे. आपल्या बाजूला. म्हणून विचारते."

नवरा. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

 तिने वाचलं, पेन्सिलने श्वासाच्या खुणा केलेला माझा कागद काचेतल्या खिडकीतून परत दिला. मसुदे त्याच दिवशी जमा करायचा नियम आहे. साहेब ते स्वतः पेटीत जाळतात. मी साहेबांना कोरी नक्कल दिली. तिच्या खुणांचे कागद पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहेत, शर्टाच्या आत. असू दे तिला नवरा. खुणा माझ्या शब्दांवर आहेत.

शुक्रवार, १५

दुपारी समोरच्या शिंप्याकडे जीप आली. त्याचा मुलगा आठवड्यापूर्वी जागा सोडून घरी आला होता आणि माळ्यावर बसून होता. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. दोघांनी त्याला दंडाला धरून खाली आणलं. पायात चप्पल नव्हती. शिंपी मोजपट्टी गळ्यात घालून तसाच मागे धावला. तीन दिवसांच्या आत स्वतःहून परत गेलं तर शिक्षा होते, पण जीव वाचतो. तिसऱ्या दिवशीची संध्याकाळची हजेरी टळली की पळपुटा. मग सुनावणी नाही.

आई खिडकीपासून बाजूला झाली आणि विनाकारण भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.

ऑफिसात मात्र साहेब खुशीत. वरून कागद आलाय, 'नदीकाठी परिणाम दिसू लागला आहे, काही शिपाई जागा सोडून गेल्याचे समजते.' सगळ्यांना चहा. लाउडस्पीकरची गाडी सांभाळतो तो तारवाला कोपऱ्यात बसून होता. मी विचारलं, पलीकडे आवाज पोचतो कसा एवढा? म्हणाला, "पोचवायला लागतो. गाडी आपल्या खंदकांच्या मागे उभी करतो. पुढे नेली तर फोडतील. आवाज आपल्या पोरांच्या डोक्यावरून जातो." मग कपात बघत म्हणाला, "वारा उलटा असला तर तेवढाही जात नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आपल्याच पोरांची करमणूक."

तो हसला नाही. मलाही नंतर चहा नकोसा झाला, का ते कळलं नाही.

मंगळवार, १९

 

दादाचं पत्र, फक्त वहिनीच्या नावाने. ती ते घेऊन माझ्याकडे आली. "भाऊजी, हे जरा बघता का? मला काही कळत नाहीये."

तीनच ओळी. खुशाली नाही, आईचं नाव नाही, चिमणीचं नाही. 'दार कुणी बसवून दिलं? खरं काय ते लिही. मी विचारतोय तेवढंच लिही.'

वहिनी म्हणाली, "दार तर तसंच आहे. कुणी बसवलं? त्यांना ताप तर नाही ना आला?"

आंघोळीला पाणी हवं तेवढं. नदी. दादा नदीवर आहे. अकरा दिवस ते वाक्य माझ्यासमोर होतं आणि मी त्यावर विनोद केला.

 मी म्हटलं, "चेष्टा केली असेल." वहिनी माझ्याकडे बघत राहिली. "सात महिन्यांनी?" मग तिने पत्र घडी करून पदराआड ठेवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. एकदा उघडलं, एकदा लावलं. घासलं. मला तिथे बसवेना.

पत्र पाठवलं तर चार दिवस लागतात, वर वाचून काळी शाई. तरी लिहिलं: दार तसंच आहे. कुणीही आलेलं नाही. एवढंच. एवढ्यावर कोण विश्वास ठेवेल? मी तरी ठेवला असता का?

बुधवार, २०

सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती जणांना बोललास?"

"कुणाला नाही."

"छान. बस."

मी बसलो नाही. म्हटलं, "आजच्या रेकॉर्डिंगमध्ये एक वाक्य घाला. दार अजून घासतंय, कुणी हात लावलेला नाही. त्याला एकट्याला कळेल."

"आणि बाकीच्यांना काय कळेल? की घरी सगळं ठीक आहे?" त्यांनी चष्मा पुसला. "आपण समाधान वाटत नाही, बाळा."

"आमचाच माणूस आहे, साहेब. आपलीच माणसं ऐकतायत. पळून गेलेत ते पलीकडचे कशावरून?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "कागदावर 'शिपाई' लिहिलंय. कुठले ते लिहिलेलं नाही. आणि ते विचारणारा तू पहिला असलास तर शेवटचा राहा. मसुदे सगळे जमा आहेत ना तुझे?"

"हो."

"सगळे?"

"हो म्हटलं ना."

त्यांचा आवाज शेवटपर्यंत साबण विकल्यासारखा गुळगुळीत होता. बाहेर आलो तेव्हा माझी पाठ घामाने ओली होती आणि शर्टाच्या आतले कागद अंगाला चिकटले होते.

गुरुवार, २१

तिला सांगितलं. जिन्यात, रेकॉर्डिंगच्या आधी. वाटलं होतं माझी कीव करील.

"तीनदा विचारलं मी तुला," ती म्हणाली. काचेपलीकडचा आवाज वेगळा. हा बसलेला, खरखरीत, थकलेल्या बाईचा. "कुणाचं घर, म्हणून. कुणाचं खरं घर असेल तर मी वाचत नाही. आधीच्या लिहिणाऱ्याला माहीत होतं ते."

"मला वाटलं…"

"काय वाटलं ते मला दिसत होतं."

पुढे उभं राहवेना, तरी राहिलो.

अकरा वाजता साहेबांचा फोन वाजला आणि ते आत गेले. ती वाचत होती. शेवटच्या ओळीनंतर ती थांबली नाही. कागद न बघता म्हणाली, "दाराचं मी खोटं सांगितलं. दार घासतंच आहे. कुणी हात लावलेला नाही. उचलूनच लावते." तारवाल्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि मशीनच्या बटणावरून हात काढून खिशात घातला. टेप तशीच गाडीत गेली.

नंतर मी तिला म्हटलं, "माझ्यासाठी तू…"

"तुझ्यासाठी नाही. तुझ्या वहिनीसाठी."

आज दिवेलागणीनंतर दादा ते ऐकेल. मला जेवण गेलं. बऱ्याच दिवसांनी चिमणीशी खेळलो, चमच्याला ताप आला होता.

शुक्रवार, २२

तिचं टेबल रिकामं. पेन्सिली नाहीत, कप नाही. काचेमागे एक नवी मुलगी बसून घसा साफ करत होती. साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आवाज काय, मिळतात."

तारवाला जाताना माझ्या टेबलावर माचिस विसरला. आत चिठ्ठी, अक्षर तिचं: एका गल्लीचं नाव, घराचा नंबर, आणि खाली 'छावणीत विचारलं तर मी सांगेन.' नाव नाही.

शनिवार, २३

दुपारी तीनला दादा आला.

आई आणि मी घरात, चिमणी निजलेली, वहिनी आत कपड्यांच्या घड्या करत होती. जिन्यावर पावलं थांबली. कुणी कडी वाजवली नाही. दार हळूहळू ढकललं गेलं आणि मधेच अडलं. घासलं. मग बाहेरून कुणीतरी मूठ धरून ते वर उचललं, सवयीने, न बघता, आणि दादा आत आला. दाढी वाढलेली, चिखल सुकून पांढरा झालेला. त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. दार पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. खाली वाकून उंबऱ्यावर घासल्याची जुनी खूण होती तिच्यावर बोट फिरवलं. आणि तिथेच खाली बसला.

"घासतंय," तो म्हणाला.

वहिनी बाहेर आली. हातात चादर तशीच.

"तो कोण?" दादाने विचारलं. ओरडून नाही. खूप चाललेल्या माणसाला ओरडता येत नाही. "बाईचा आवाज तुझा नव्हता, ते मला पहिल्या शब्दाला कळलं. पण घर माझं होतं. खुर्ची माझी. चमचा बुटात. एवढं आतलं त्यांना सांगितलं कुणी? घरात येणाऱ्याने. कोण येतो घरात?"

वहिनीने चादर छातीशी धरली. ती रडत नव्हती. तिला काही माहीतच नव्हतं, आणि माहीत नसलेल्या माणसाचा चेहरा किती अपराधी दिसतो ते मी पाहिलं.

मी म्हटलं, "मी. घरात मीच येतो. मी लिहिलं."

आईने भिंत धरली.

दादाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं मारेल. मारावं असंच वाटत होतं. तो म्हणाला, "चांगलं लिहितोस रे. पलटणीत सगळे म्हणायचे, लिहिणारा भेटला पाहिजे एकदा." मग म्हणाला, "समोरून एकही आला नाही. आमच्यातले सहा गेले. मी सातवा."

"गुरुवारी संध्याकाळी ऐकलं नाहीस? दार घासतंय म्हणून सांगितलं होतं तिने."

"गुरुवारी दुपारीच निघालो मी."

वहिनी तेवढ्यात पहिल्यांदा बोलली. "गुरुवार, शुक्रवार, शनिवार," ती म्हणाली. "भाऊजी, तिसरी संध्याकाळ आजची की उद्याची?"

शिंप्याने समोरची खिडकी लावून घेतली. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

रविवार, २४

निघाला तो दिवस धरत नाहीत, असं दादा म्हणतो. म्हणजे आज संध्याकाळी सहाची हजेरी, इथल्या छावणीत दिली तरी चालते. आता साडेअकरा.

त्याला सरळ पाठवावं तर छावणीत विचारतील, का सोडली जागा? आणि तो म्हणेल, एका दाराकरता. हसतील आणि भिंतीशी उभा करतील. म्हणून आधी मी जायचं. कागद दाखवायचे, दहा मसुदे, माझं अक्षर, तिच्या पेन्सिलीच्या खुणा, वर तारखा. मग दादाने चार वाजता स्वतःहून यायचं, वहिनीने बरोबर. असं आम्ही ठरवलं. ठरवलं म्हणजे वहिनीने ठरवलं. दादा भिंतीकडे तोंड करून झोपलाय. चिमणीने चमचा काढून बूट त्याच्या उशाशी ठेवला. त्याने तो जवळ ओढला, डोळे न उघडता.

कागद बाहेर काढले म्हणजे माझं काय होणार ते साहेबांनी न सांगता सांगितलंय. हातात कागद दिसले की फोन साबणवाल्यांना जाणार. ऑफिस सुटेल आणि मलाही नदीवर पाठवतील, तेही नशीब चांगलं असलं तर. मी भित्रा नाही असं कॉलेजात सगळ्यांना सांगत फिरायचो. आता तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. ते माफीचं पत्र लिहिलं असतं तर आज वर्गात असतो, दादाही नदीवर असता. राग आला की मला नेहमी वाटतं मी फार मोठं काहीतरी करतोय.

तिचा पत्ता खिशात आहे. द्यायचा की नाही अजून ठरत नाहीये. नवरा नदीवर आहे तिचा. दादाचा जीव त्या पत्त्यावर अडला तरच देईन.

वहिनीला काय म्हणावं कळत नव्हतं. मघाशी ती शर्टाचं बटण लावून देत होती, माझं तुटलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं घर मी…"

"बोलू नका, सुई टोचेल." दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, "चमच्याचं पण लिहिलंत?"

"हो."

"ते मी त्यांच्यासाठी ठेवलं होतं. आले की सांगायचं म्हणून."



आई म्हणते, खाऊन जा. नाही जात. जीप आत्ताच गल्लीच्या तोंडाशी वळली, पुढे गेली. शिंप्याच्या खिडकीची फट अजून आहे.

वही वहिनीच्या हातात देतोय. तिला हवं तर वाचू दे, तिचंच आहे यातलं बरंचसं. कागद शर्टाच्या आत आहेत. आता उठतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो. मुठीला धरून, थोडं वर उचलून, आवाज न करता. दादाला जाग यायला नको.